दोन जादा ठोके

सातपूरच्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं हॅमर चालवला. लालभडक लोखंड साच्यात ठेवायचं आणि वरून घण पाडायचा. जमीन हादरायची, छातीत दणका बसायचा आणि घरी गेल्यावरही हात शिवशिवत राहायचे. कांब किती ताण सोसते ते बघायला ती ओढून तोडायचं मशीनही मी तिथंच शिकलो. कांबेची दोन टोकं दातेरी जबड्यांत धरायची, पान्यानं जबडे आवळायचे आणि मग पान्याच्या दांड्यावर हातोडीचे दोन जादा ठोके घालायचे. ही आमची रीत, पुस्तकात कुठं लिहिलेली नाही. एकदा सैल पकडलेली कांब निसटली आणि शेजारच्या गड्याच्या तोंडावर बसली. त्याचे पुढचे दात माझ्या बुटापाशी येऊन पडले. त्यानंतर ते दोन ठोके घालायला आमच्यातलं कोणी चुकलं नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलो. मशीन तसंच, फक्त शेजारी कॉम्प्युटर. पोरं काहीबाही तयार करून आणतात, मी तोडून देतो. तोडायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी पीएचडी करणारी एक मुलगी नऊ काळ्या पट्ट्या घेऊन आली. सटाण्याकडची, अंगानं काडी, बोलणं हळू. पट्ट्या एपॉक्सीच्या, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेच्या होत्या आणि त्यात कार्बनच्या नळ्या मिसळलेल्या होत्या. केसाहून हजारो पट बारीक नळ्या, असं ती म्हणाली. त्यांच्या गुठळ्या होऊ न देता त्या सारख्या पसरवायला तिला दीड वर्ष लागलं होतं. नळ्यांची भुकटी आता संपली होती. महिन्याभरात आकडे हाती आले नाहीत तर विषय बदल, असं तिच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं. म्हणजे दीड वर्ष पाण्यात.

मी पहिली पट्टी लावली, पाना फिरवला, दोन ठोके घातले. मशीन ओढायला लागलं न लागलं तोच पट्टी फटकन तुटली, जबड्याच्या अगदी काठाशी. दुसरीही तशीच गेली आणि तिसरीही. जबड्याशी तुटलेला नमुना हिशोबात धरत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरीही मी वहीत 'माल ठिसूळ' असा शेरा मारून मोकळा झालो. दोन दिवसांत सहा पट्ट्या मी अशा मोडल्या. तिला म्हणालो, तुझ्या नळ्यांत दम नाही, एवढाल्या गप्पा कशाला मारायच्या.

ती रडली नाही. तुकडे कागदात गुंडाळून घेऊन गेली आणि चार दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो घेऊन आली. वाकवलेल्या एका नळीचा फोटो तिनं आधी दाखवला. शहाळ्याची नळी वाकवली की एका जागी चेपते, तशी ती चेपली होती. पुढच्या फोटोत दाब काढला होता आणि तीच नळी पुन्हा सरळ उभी होती. ओढलं तर ती पोलादाला भारी आणि दाबलं तर अशी वाकून परत येणारी, असं तिनं मला समजावलं. मग तिनं आमच्या पट्टीचं तुटलेलं टोक समोर ठेवलं. त्यावर माझ्या जबड्यांचे दात खोल रुतलेले होते.

"काका, पट्टी ओढल्यानं तुटली नाही," ती म्हणाली. "तुम्ही आवळली तेव्हाच आत चिरडली होती."

माझं डोकं फिरलं. कालची पोर मला पकड शिकवणार? मी तिच्यावर ओरडलो, तुझ्या वयाइतकी वर्षं मी लोखंड तोडतोय म्हणालो आणि हातातली हातोडी टेबलावर आदळली. टेबलाचा पत्रा खोल दबला. उरलेल्या तीन पट्ट्यांपैकी एक उडून फरशीवर पडली आणि तिचा टवका गेला.

पण मी पट्टीकडे पाहत नव्हतो. त्या पोरीनं डोळे मिटून कोपर डोक्यावर घेतलं होतं. मी तिच्यापासून चार हात लांब होतो, तरीही. ते कोपर मी ओळखलं. कारखान्यातून हात शिवशिवत घरी जायचो त्या दिवसांत माझी बायको तसंच कोपर वर घ्यायची.

मी हातोडी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. माफी मला मागता आली नाही. खाली बसून पट्टी उचलली आणि विचारलं, कसं पकडू ते सांग.

पट्टीच्या टोकांना दोन्ही बाजूंनी पॉलिशपेपरचे तुकडे लावायला तिनं सांगितलं. पाना तिनंच फिरवला, दोन बोटांनी. कांब निसटेल या धाकानं माझं अंग आखडलं होतं. काही निसटलं नाही. पडद्यावरची ताणाची रेघ चढत गेली, त्या सहा वेळांपेक्षा कितीतरी वर, आणि पट्टी मधोमध तुटली. दुसरीही तशीच. टवका गेलेली मात्र टवक्यापाशीच तुटली, लवकर. नंतरच्या फोटोत भेगेच्या दोन्ही काठांतून नळ्या बाहेर आल्या होत्या. शेवटपर्यंत दोन्ही बाजू धरून राहिल्या होत्या त्या. दोन आकड्यांवर तिचा विषय वाचला.

जाताना मी तिला विचारलं, नळी दर वेळी अशीच सरळ होते का?

"दिसते सरळ," ती म्हणाली. "पण आत एखादा अणू निखळला असेल, तर पुढं तिथूनच जाते."

घरी गेलो तेव्हा बायको ओट्यापाशी मेथी निवडत होती. शेवटचा हात उचलल्याला अकरा वर्षं झाली होती. आपण सुधारलो, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. आता ती हसते, मला चार गोष्टी ऐकवतेही. मी तिला नळ्यांची गोष्ट सांगितली, कशा चेपतात, सोडल्या की कशा सरळ होतात. चांगल्या आहेत की, म्हणाली. बोलता बोलता चहाची पत्ती काढायला मी तिच्या डोक्यावरच्या फळीकडे हात नेला.

तिचं कोपर वर गेलं.

लगेच त्याच हातानं तिनं केस मागे सारले, जणू तेवढ्यासाठीच हात उचलला होता.

"पत्ती खालच्या डब्यात आहे," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली.