बाळकुम बंदरावरचा धोंडू

आमच्या पलटणीची एक तुकडी तेव्हा कल्याणला होती. मी तिचा हवालदार. सकाळी परेड, मग पहारे, संध्याकाळी बंदुकांची सफाई. त्या उन्हाळ्यात सगळ्या शिपायांना देवी टोचल्या. बाकीच्यांच्या खपल्या पडून गेल्या. शिपाई धोंडूच्या दंडावर मात्र टोचल्या जागेभोवती लाल चट्टे उठले. त्यांवर चंदेरी कोंडा. पुढे ते कोपरांवर, गुडघ्यांवर पसरले. महारोग म्हणून जवान त्याच्या पंगतीला बसेनात. पलटणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा महारोग नाही आणि कोणाला लागतही नाही. टोचल्यानंतर क्वचित एखाद्याच्या कातडीला असं होतं. का होतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. धोंडू ड्यूटीवर राहिला.

अशात खाडीकाठच्या बाळकुम गावाला देवीची साथ आली. टोचायला गेलेल्या देवी डॉक्टरांना गावाने दगड मारून परत पाठवलं. सुभेदारसाहेबांनी ऑर्डर दिली की या देवी डॉक्टरांबरोबर जायचं, पण गावात कोणावर हात टाकायचा नाही.

आम्ही सहाजण मचव्यात बसलो. ओहोटी लागली होती, वारा पाठीशी होता, मचवा खाडीतून नुसता पळत होता. डॉक्टर लसीच्या काचेच्या नळ्या ओल्या फडक्यात धरून बसले होते. उन्हात ती लस दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणार नव्हती. मला चढाईवर निघाल्यासारखं वाटत होतं.

बंदरावर सगळं गाव उभं होतं, हातात काठ्या आणि वल्ही. उतरताना धोंडूची बाही वर सरकली. टोचलं की महारोग होतो, हे बघा, असं कोणीतरी ओरडलं आणि गर्दी पुढे आली.

"हॉल्ट," मी म्हणालो. तुकडी जागेवर थांबली.

धोंडूने बंदूक माझ्याकडे दिली, कोट काढला आणि एकटाच पुढे गेला.

"टोचल्यावरच झालंय हे. खोटं सांगत नाही. पण महारोगाच्या चट्ट्याला काही कळत नाही, माझ्या चट्ट्याला कळतं. मी डोळे मिटतो. काटा टोचून बघा."

भिकी नावाची कोळीण पुढे झाली. तिचा थोरला त्याच साथीत गेला होता. धाकटी कडेवर होती. तिने माशाचा काटा उचलून टोचला.

"उजवं कोपर," धोंडू म्हणाला.

तिने पुन्हा टोचला.

"डावा गुडघा. जरा हळू, बाई."

मागे कोणीतरी हसलं. मग बरेचजण हसले. काठ्या खाली आल्या.

भिकी हसली नाही. ती डॉक्टरांकडे वळली. "माज्या पोरीला असं नाय ना होनार?"

"होणारच नाही असं वचन देत नाही," डॉक्टर म्हणाले. "फार क्वचित होतं. पण याने माणूस मरत नाही. देवीने मरतो."

तिने पोरीचा दंड पुढे केला.

ऊन कलेपर्यंत सगळ्या नळ्या रिकाम्या झाल्या. परतताना वारा समोरून होता, तरी जवान आळीपाळीने वल्ही मारत गात होते. कल्याणला धोंडूच्या दोन्ही बाजूंना बसून आम्ही जेवलो.

पुढे पलटण सरहद्दीवर गेली. तिथे एका चढावर जखमी नाईकाला उचलायला गेलेला धोंडू गोळी लागून पडला. नाईक वाचला. दुसऱ्या सकाळी खांदा द्यायला मी चार नावं पुकारणार होतो. वळून पाहिलं, तर सगळी तुकडी पुढे येऊन उभी होती.