काठावर बसवलेले नाना

रविवार, १९८६ चा एप्रिल, दुपारचे तीन. ग्रामपंचायतीच्या खोलीत टीव्हीसमोर हजर: सरपंच, पोस्टमन, वरच्या आळीतल्या आणि बौद्धवाडीतल्या मिळून अकरा बायका, मोजता न येण्याइतकी मुलं, बालवाडीची शिक्षिका म्हणून मी, आणि पहिल्या खुर्चीत इस्त्रीचा सदरा घातलेले डोहावरचे नाना. नानांना क्रिकेटचं काही नव्हतं. ते जाहिरात बघायला आले होते, कारण त्या जाहिरातीत ते स्वतः होते.

नानांना डावा पाय मांडीपासून नव्हता, आणि पोलादपूरच्या अलीकडे सावित्री नदीचा जो डोह आहे त्यात त्यांच्यासारखं पोहणारं कुणी नव्हतं. या दोन्ही गोष्टी आम्ही एका दमात सांगत असू. मुंबईच्या गोदीत पायावर कापसाची गासडी पडली, पाय कापावा लागला आणि ते गावी परतले. कुणी हळहळलं तर म्हणत, "पाय गोदीत ऱ्हायला. पोहनं हितंच व्हतं, ते काय कुनी नेलं नाय."

दर मे महिन्यात ते मुलांना पोहायला शिकवत. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि पाण्यात सोडायचं. त्यांची एक शिस्त मला फार आवडे. पाण्यात उतरताना हजेरी आणि बाहेर आल्यावर पुन्हा हजेरी. ती वही माझ्याकडे असे. "पोरगं पोहलं का नाय ते मागनं बगू, बाई. आत किती गेली नि भायेर किती आली, ते आदी सांगा." कुबडी वाळूत रोवून ते सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरत. मुलगा पोहायला लागला की त्याची आई डोहावर नानांच्या हातात नारळ देई. पंधरा वर्षं हे चाललं होतं.

जाहिरातवाले आले ते आदल्या मे महिन्यात. महाबळेश्वरला निघालेली त्यांची गाडी चहासाठी थांबली, त्यांना वाळू दिसली, धावणारी मुलं दिसली आणि नाना दिसले. जाहिरात कॅनव्हासच्या बुटांची होती. मुलांना पांढरे बूट घातले. काळ्या चष्म्याचा मुख्य माणूस नानांना म्हणाला, "आजोबा, तुम्ही या दगडावर बसा आणि धावणाऱ्या मुलांकडे बघा."

"बसतो की. पन आदी पान्यातलं घ्या."

त्यांनी घेतलं. नानांनी दगडावरून उडी मारली ती थेट पलीकडच्या काठाला डोकं वर काढलं. मुंबईच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग दगडावरचं दृश्य. नानांना सांगितलं, हसू नका.

"पोरं धावतायत नि हसायचं नाय? मयताला बसलोय काय?"

शेवटी नाना हसायचे थांबले. मग एक इंग्रजी कागद आला. घेतलेल्या चित्रणातला कोणताही भाग वापरता येईल, असं त्यात लिहिलं होतं. मी वाचला, कळला, आणि नानांना म्हटलं, "काही विशेष नाही, करा सही."

तर तो रविवार. षटक संपलं आणि जाहिरात लागली. वाळूवरून पांढरे बूट धावत आले. मग दगड, कुबडी, विजारीचा दुमडलेला पाय आणि न हसणारे नाना. मागून भरदार आवाज आला: "पैर मिले हैं, तो दौड़ो!" मग नुसते बूट. संपलं.

"पानी कवा येतंय?" नानांनी विचारलं.

"पुढच्या टायमाला येईल, नाना," पोस्टमन म्हणाला.

सामना संपेपर्यंत जाहिरात आणखी तीनदा लागली. पाणी आलं नाही. मागे पारूवहिनींनी पदर डोळ्यांना लावला होता. "बिचारे गो नाना!"

नाना वळले. "पारू, तुजी दोन पोरं पोहायला कुनी शिकवली गो?"

"तुमीच की, नाना," असं म्हणून पारूवहिनींनी पुन्हा डोळे पुसले.

पुढच्या महिन्यात मी वही घेऊन घरोघर फिरले. आदल्या वर्षी बावीस नावं होती, या वर्षी चार मिळाली. बाकीच्यांची कारणं मी लिहून घेतली. "म्हाताऱ्याला कशाला तरास, बाई?" "त्यांनाच धरायला मानूस लागंल." "पोराच्या जिवाचा सवाल हाय." ज्यांनी पंधरा वर्षं काठावर उभं राहून नानांना पोहताना पाहिलं होतं, तीच ही माणसं. त्यांनी चार वेळा दगड पाहिला आणि पाणी विसरली.

वर्ग बंद पडू देणं मला मान्य नव्हतं. मी तोडगा काढला. महाडच्या एका शाळेतले खेळाचे शिक्षक सुट्टीत यायला तयार झाले. ते पाण्यात उतरतील, नाना वरून सांगतील. दोन दिवसांत अठरा नावं झाली. बालवाडीतली घडीची खुर्ची मी स्वतः डोहावर नेली, सावली बघून मांडली. नाना तिच्याकडे बघत राहिले, मग बसले.

"बरं दिसतं ना इथून?" मी विचारलं.

"दिसतं की," नाना म्हणाले.

महिनाभर ते तिथं बसले. हजेरी दोन्ही वेळा बरोबर भरली. नारळ त्या शिक्षकांच्या हातात दिले गेले. महिना छान पार पडला, असं मी शेवटच्या पानावर लिहिलं.

पावसाच्या तोंडावर नाना बालवाडीत आले. बाकावर बसून म्हणाले, "बाई, त्या बूटवाल्यांना येक पत्र लिवा. पान्यातला तुकडा आसंल त्यांच्याकडं. म्होरल्या मे म्हयन्याच्या आदी येकदा दाखवा म्हनावं. येकदाच. मंग पोरं येतील माज्याकडं."

मी लगेच कामांच्या यादीत लिहिलं. कंपनीचा पत्ता त्या इंग्रजी कागदाच्या प्रतीवर होता, प्रत माझ्याच कपाटात होती. त्या आठवड्यात खाऊचं धान्य यायचं होतं, मग बालवाडीची तपासणी होती, मग पुराचं पाणी वर्गात शिरलं. श्रावणात नानांना ताप भरला. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "गेलं काय पत्र?" मी म्हटलं, "जाईल." चौथ्या दिवशी नाना गेले. मी बायकांना निरोप पाठवले, लाकडांची सोय पाहिली, मुंबईला त्यांच्या पुतण्याला तार केली. रडू आलं नाही. कामं होती.

त्यानंतर पत्र तीनदा लिहायला घेतलं. मायना होतो, विषय होतो, "तुम्ही या माणसाला काठावर बसवलंत" इथवर मजकूर सरळ येतो. त्याच्या खाली खुर्चीच्या महिन्याचीही ओळ हवी, ती खुर्ची कुणी मांडली तेही हवं, नाहीतर पत्र खरं होत नाही. ती ओळ लिहायची आणि पत्र टाकायचं राहिलं आहे.