पिनेच्या भोकात बोट

मंडळी, सकाळची गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून इथं ग्रुपवर लिहितोय.

आज भाचा संपत छोट्या ट्रॅक्टरला मागून खोदाईचं बकेट जोडत होता. पिन बसेना. भोकं जुळली का बघायला त्यानं आत बोट घातलं आणि मी किंचाळलोच.

"मामा, ट्रॅक्टर बंद हाय," तो हसला.

एकाहत्तर साली सोनईला त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, असाच ट्रॅक्टरला नांगर जोडत होते. भोकात बोट घालून म्हणाले, "एक सूत, अगदी जराच, वर घे." ट्रॅक्टरच्या मागचे दांडे वर-खाली करणाऱ्या लिव्हरवर माझा हात होता. मी गडबडीत तो खाली ढकलला. दाजींची आतलं आणि शेजारचं अशी दोन बोटं तिथंच तुटली.

दवाखान्यात जाताना दाजी एवढंच बोलले, "तुझ्या अक्काला म्हन, माझंच चुकलं." मरेपर्यंत ते हेच सांगत राहिले आणि मी मान हलवत राहिलो.

आज दुपारी अक्का संपतला म्हणाली, "बापासारखा धांदरटपणा करू नगं." मी तिच्याच हातची भाकरी खात समोर बसलो होतो.

अक्काला वाचता येत नाही. संपत, तू या ग्रुपवर आहेस. हे तूच तिला वाचून दाखव. माझ्या तोंडून निघत नाही.