तिच्या वहीतला कोंबडा

मी मराठीची निवृत्त शिक्षिका. शाळा सुटली, लाल पेन काही सुटलं नाही. लग्नपत्रिकेतलेसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ तपासते, म्हणून राहुरीत मला आमंत्रणं जरा उशिराच येतात.

दर गुरुवारी दुपारी माझ्या घरी आम्हा बायकांचं वाचन चालतं. त्यातलीच एक, उसाच्या रोपांची नर्सरी चालवणारी, एकदा शंभरपानी वही घेऊन आली. एकोणिसाव्या वर्षी तिच्यावर बलात्कार झाला होता. ते आणि त्यानंतरचं सगळं तिनं स्वतः लिहून काढलं होतं.

"बाई, पुस्तक छापायचं हाय, माझ्या नावानिशी. तपासून द्या."

तपासलं की! पंचनाम्याला आलेल्या हवालदाराच्या मागे घरचा कोंबडा लागला आणि साहेब कागद सांभाळत बाजेवर चढले, त्या आख्ख्या पानावर मी फुली मारली. त्या प्रसंगानंतर महिन्याभरात ती चुलतबहिणीच्या हळदीत नाचली, तेही खोडलं. समासात शेरा दिला, 'प्रसंगाचे गांभीर्य कमी होते.' वर स्वतःवरच खूश!

पुढच्या गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी आली. वही माझ्यापुढे आपटली.

"बाई, वकील बी हेच सांगायचे. कोर्टात हसायचं न्हाई, बरी साडी नेसायची न्हाई, न्हाईतर लोक म्हनतील हिला काय झालंच न्हाई. पुढं केस चालू हुती तवर मी दात दाखवले न्हाईत. आता माझ्या वहीत बी हसू नको व्हय?"

महिलादिनाला माईक धरून 'बाईनं आपली गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी' असं घसा फोडून सांगणारी मीच ना ती? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! फार लाज वाटली.

"चुकलं गं माझं," मी म्हटलं.

"मग शिक्षा घ्या. कोंबड्याचं पान आज तुमीच वाचा. मोठ्यानं."

सगळ्या जमल्यावर वाचलं. हवालदार बाजेवर चढेपर्यंत कशीबशी टिकले, पुढे हसण्यापायी शब्दच फुटेना. बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या, ती तर सगळ्यांत जोरात. मग तिनं वही ओढून घेतली आणि बलात्काराचं पान स्वतः वाचलं. शेजारी बसलेलीनं तिचा हात धरला, तो चहा येईपर्यंत सोडला नाही.

निघताना तिनं माझं लाल पेन मागितलं. माझा शेरा खोडला आणि खाली लिहिलं, 'बाईंची प्रगती समाधानकारक.'

पेन मात्र परत दिलं नाही.