जावेची पेटी

लाल कार्बोलिक साबणाचा वास आला की भुईगावच्या घरातली ती ॲल्युमिनियमची पेटी आठवते आणि आजही माझ्या पोटात दुखतं. सुईणीच्या शिक्षणाला खरं तर मीच जाणार होते, पण तेव्हा मी पोटुशी होते, म्हणून माझ्याऐवजी धाकटी जाऊ गेली. परत आली ती पेटी घेऊनच. आत साबण, नवं ब्लेड, दोरा आणि प्लास्टिकचा कागद. गावातल्या बाया तिला नर्सबाई म्हणायला लागल्या, आणि इकडे माझा नुसता जळफळाट. माझे दिवस भरले तेव्हा सासू नाळ कापायला कोयता घेऊन बसली होती. जावेने तो बाजूला सारला, कोपरापर्यंत हात धुतले, ब्लेड उकळून घेतलं. मुलगा झाला, पण माझं रक्त थांबेना. सासू म्हणाली, "पोराला आदी गुळाचं पानी दे." आमच्यात पहिले तीन दिवस आईचं दूध पाजतच नसत. "नाय आय, आदी दूध. त्यानं रगत थांबंल," म्हणत जावेने मुलगा माझ्या छातीला लावला आणि माझं पोट चोळत राहिली. हळूहळू रक्त थांबलं. दारातल्या बाया तिचंच कौतुक करत होत्या; कळा मी दिल्या, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. तो मुलगा आता मोठा झालाय. नाताळला घरी आला की आधी तिचा आशीर्वाद घेतो, मग माझा. मी काही बोलत नाही. बोलायला मला जिवंत ठेवलंय तेही तिनेच.