रिबका सहनशील नव्हती

या, जवळ येऊन बसा, आणि आधी जरा रागवून घेऊ द्या. कुणी गेलं की त्या घरी जाऊन शिकवणी घ्यायची ही कसली सवय हो आपली?

"वहिनी, रिबका गेली," एवढंच तिचे यजमान सॅमभाऊ फोनवर म्हणाले. मुलुंडला आमच्या वरच्याच मजल्यावर त्यांचं घर. बेने इस्रायली कुटुंब, मूळ अलिबागकडचं. धर्म यहुदी, पण बोलणं-भांडणं सगळं मराठीत. पुढे सोसायटीनं शोकसभा घेतली. पाहुणे वक्ते म्हणाले, "यांच्या शास्त्रात एक सहनशील पुरुष आहे. सर्वस्व गेलं तरी त्यानं तक्रार केली नाही. रिबकाताई तशाच!" लोकांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. साफ खोटं!

तिचा मुलगा दानी ऐन तारुण्यात तापानं गेला, तेव्हाचं मला विचारा. त्यांच्यात सुतकाचे सात दिवस घरच्यांनी जमिनीवर बसायचं, आणि ते बोलेपर्यंत भेटायला येणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. आमच्या इमारतीला गप्प बसणं म्हणजे उद्धटपणा वाटला. जो तो सुरू... "देवाची योजना", "मागचं काहीतरी असेल".

नंतर दुपारी आम्ही दोघी त्यांच्या शास्त्रातल्या त्या पुरुषाचीच गोष्ट मराठीत वाचायचो. गुरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड उठले. "सुरुवातीला गप्प आहे, मग पानंच्या पानं देवाशी भांडतोय बघ," ती म्हणायची. "लोक दोन पानं वाचून उठतात आणि म्हणे सहनशील! मित्र आले, सात दिवस शेजारी मुकाट बसले, तेवढंच त्यांचं शहाणपण. तोंड उघडलं आणि वाट लागली. म्हणे, तूच पाप केलं असशील."

"पण देव शेवटी त्यालाच झापतो ना गं?"

"झापतो. आणि मित्रांना सांगतो, माझ्याविषयी धड बोलला तो हाच, तुम्ही नाही. आता बोल!"

शेवटी त्या माणसाला नवी मुलं होतात. तिथे तिनं पुस्तक मिटलं. "दानीच्या जागी दुसरा कोण आणू? हे मला पटत नाही."

"मग याचा अर्थ काय लावायचा?"

"नाही लागत. नाही लागत म्हणून सांगावं ना सरळ!"

अशा बाईला तुम्ही सोशिक ठरवता? आणि आता सॅमभाऊंना तेच ऐकवता, "धीर धरा, ती सुटली." परवा जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, कुणी नुसतं बसायला येईल का?"

म्हणून मी दुपारी वर जाते. तिच्या खिडकीशी बसते. ते पंख्याकडे बघतात, मी रस्त्याकडे. काल बऱ्याच वेळानं आपणहून म्हणाले, "तिला वांगं मुळीच आवडायचं नाही. माझ्यासाठी करायची, आणि करताना मला शिव्या घालायची." आणि हसले हो... ती गेल्यापासून पहिल्यांदा.

मला रोज जिना चढवत नाही. तुम्ही या ना. लवकर या. दुपारी दार उघडंच असतं. आत या, बसा, आणि त्यांना बोलू द्या.