मंगलच्या गोधडीचा शेवटचा कोपरा

चिंध्या आन् किस्से, दोन्ही टाकवत नाहीत. निमोण्यात आमच्या ओट्यावर गोधडी शिवायला बायका जमल्या की चार टाके पडायचे आन् दहा गोष्टी निघायच्या. आता रेश्माभाभी पोराकडं पुण्याला गेली, वंदनाची शिफ्ट बदलली, ओटा दुपारचा मोकळाच असतो. लई आठवण येते त्या दुपारांची. त्यातली ही एकाच गोधडीची गंमत. आधीच कबूल करते, पँट कापली ती मीच!

गोधडी माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्यांची. माझी नणंद मंगल यवतला दिलेली. ती पहिल्यांदा गरोदर राहिली तेव्हा आत्यांनी ही शिवायला घेतली. ते मूल राहिलं नाही. पुढचंही राहिलं नाही. अर्धी गोधडी ट्रंकेत गेली आन् घरात तिचं नाव कुणी काढेना. नऊ वर्षांनी मंगलला पुन्हा दिवस राहिले. सातवा महिना सुखरूप पार पडला तशी आत्यांनी ट्रंक उघडली. "संगे, सुई बघ गं," म्हणाल्या.

*

गोधडी किती वाढवायची हे ठरवायला आत्यांची पद्धत एकच. माणूस आडवा झोपवायचा! आमच्या मागच्या खोलीत बिहारचा राजेश भाड्यानं राहायचा, रांजणगावला कंपनीत होता. बिचारा फर्स्ट शिफ्ट करून दमून आला, तोच आत्यांनी त्याला गोधडीवर झोपवलं.

तो पत्र्याकडं बघत म्हणाला, "माताजी, मैं तो छह फुट का हूँ. बच्चा कितना बड़ा होगा?"

"वाढंल की!"

त्या सहा फुटांपायी घरातलं जुनं कापड संपलं, आन् आम्ही गावभर चिंध्या मागत सुटलो.

*

शेजारच्या सिंधूताईनं स्वतःच्या लग्नातली साडी आणून दिली. बौद्ध पद्धतीचं लग्न, साडी पांढरीशुभ्र. पण काठ उंदरानं कुरतडलेला आन् मधोमध आमटीचा हा एवढा डाग! मी म्हणलं, डाग आतल्या बाजूला घेऊ.

"अजिबात न्हाई!" सिंधूताई खवळली. "फोटोवाल्याचा रोलच खराब निघाला व्हता. लग्न झाल्याचा एवढाच पुरावा हाय माझ्याकडं!"

डाग वरच राहिला.

*

रेश्माभाभीच्या मालकांचं शिरूरला टेलरिंगचं दुकान. तिनं जुन्या शेरवान्यांच्या अस्तराचं उसवलेलं साटिन पिशवी भरून आणलं. दिसायला झकास, पण सुईखाली ठरंल तर शपथ! आत्या घामाघूम झाल्या.

"हे कापड माझ्या धाकट्या दिरावर गेलंय," त्या म्हणाल्या. "कामाला बसवलं की सटकतंय!"

आत्यांचे हे दीर तिथंच चहा पीत बसले होते. कप खाली ठेवला आन् खरंच सटकले.

*

वंदना कंपनीत कामाला. तिनं जुनं सेफ्टी जॅकेट दिलं. आत्यांनी ते रेडियमच्या पट्टीसकट शिवून टाकलं आन् गोधडी दोरीवर वाळत घातली. दिवेलागणीला वंदनाचा नवरा मोटारसायकलवरून आला. लाइट पडला तशी पट्टी लखलखली. गड्याला वाटलं, पुढं पोलीस! लांबूनच हेल्मेट घातलं, गाडी हळू केली आन् थेट गोधडीपुढं येऊन उभा राहिला.

"लायसन घरी राहिलंय, साहेब!"

दुसऱ्या दिवशी आत्यांनी पट्टी उसवली.

*

आन् पँट! आमच्या ह्यांची लग्नाकार्याची काळी पँट ओट्यावरच्या दोरीवर होती. मला वाटलं, कुणीतरी गोधडीला दिली. घेतली कात्री!

दोन दिवसांनी कार्य निघालं. हे घरभर शोधून शोधून दमले आन् ओट्यावर येऊन बसले. "माझी काळी पँट कुठं हाय?"

मी म्हणलं, "बसलाय की तुम्ही तिच्यावर."

*

नववा महिना लागला. गोधडी झाली, फक्त तळहाताएवढा एक कोपरा राहिला. गोधडीला नवं कापड लावायचं नाही, कुणीतरी अंगावर वापरून जुनं केलेलंच लागतं, हा आत्यांचा नियम. पण आता जुन्यातलंही त्यांना काही पसंत पडेना. हे जाड, ते विरलेलं. रोज सुई ओवायच्या, त्या कोपऱ्यावरून हात फिरवायच्या आन् सुई परत रिळाला खोचायच्या. आम्हाला कळत होतं. गोधडी पुरी करायला त्या भीत होत्या. खरं सांगते, मीही भीत होते.

अशात एका दुपारी यवतवरून जावयांचा फोन आला. मी स्पीकर लावला. पलीकडं नुसतं रडणं. आम्हाला वाटलं, गेलं हेही. आन् मग मागून दुसरं रडणं ऐकू आलं. बारीक, पण चांगलं ठणठणीत!

"मुलगी झाली, मामी," जावई आत्यांना कसेबसे म्हणाले. "दोघीबी बऱ्या हायेत."

आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. शेजारी जावळाच्या जेवणाला जायचं म्हणून त्या दिवशी आत्यांनी दिवाळीचं कोरं लुगडं पहिल्यांदाच नेसलं होतं. त्यांनी पदर पुढं ओढला, कात्री उचलली आन् कचकन कापला.

"आत्या!" मी ओरडलेच. "नवं लुगडं!"

डोळे पुसायलाही त्या थांबल्या नाहीत.

"लई थांबले गं, संगे. आता हे जुनं व्हायची वाट कोण बघतंय! सुई दे."